खारा हात, बिनरंगी टेबल

माझा हात लागला की लोखंड गंजतं. हे मी नाही, माझ्या पहिल्या नोकरीतल्या फोरमनने ठरवलं. आयटीआयला फिटरचा ट्रेड करून मी पुण्याकडच्या एका कारखान्यात टूलरूमला लागले होते. तिथे मापं तपासायचे गेज असतात, लखलखीत घासलेले, पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले. एका पावसाळ्यात त्यांतल्या दोन-तीन गेजांवर तपकिरी ठसे उमटले. टूलरूममध्ये दहा पुरुष आणि एक मी. फोरमनने गेज उजेडाला धरला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाई, तुमचा हात खारा हाय. कोकणातला समुद्र बरोबर घेऊन आलाय." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या माझ्या हसण्याचा मला आजही राग येतो. आठवड्याभरात माझी बदली पॅकिंगला झाली. तिथे सगळे पुठ्ठ्याचे खोके, गंजायला काही नव्हतंच.

पुढे लग्न होऊन रत्नागिरीला आले. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरी मी आणि सासूबाई. हातातली कला अशी वाया घालवायची माझी तयारी नव्हती. आमच्या जिल्ह्यात लांज्यापासून संगमेश्वरापर्यंत काजूचे लहान लहान कारखाने आहेत आणि प्रत्येक कारखान्यात काजू फोडायची पायाने चालवायची मशिनं आहेत. मशिनात दोन पाती समोरासमोर असतात, काजूच्या आकाराची खोबण असलेली. पायाने दाब दिला की पाती टरफलात शिरतात, हाताने दांडी फिरवली की टरफल दुभंगतं. पाती नीट बसली असतील तर आतला गर अख्खा निघतो. केसभर पुढे-मागे झाली की तुकडा. पात्यांना धार लावायची आणि ती जोडीने जुळवायची, हे काम करणारं जवळपास कुणी नव्हतं. कारखानेवाले पाती कोल्हापूरला पाठवायचे आणि महिनाभर वाट बघायचे. मी घराच्या पडवीत एक सनमायकाचं जुनं टेबल ठेवलं आणि काम सुरू केलं.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लांज्याच्या एक वहिनी. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनी एकटीने चालवला. बोलायला फटकळ, पण खोटं एक अक्षर नाही. चाळीस मशिनं त्यांची, त्यांतली सहा त्यांनी मला आजमावायला दिली होती. वर्षभर गर अख्खा निघत होता आणि त्या खूश होत्या. मग श्रावणात एक दिवस गाडीतून उतरल्या, रुमालात बांधलेलं एक पातं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पात्याच्या सपाट अंगावर अंगठ्याचा ठसा, गंजाचा, पुसला तरी न जाणारा.

"ह्या काय गो?" वहिनी म्हणाल्या. "तुझ्याकडनं आलेलं पातं कपाटात ठेवलं, तर दहा दिवसात ह्या असा. काजूला गंज लागलेला माल मी नाय देणार कुणाला."

जे मी पुण्याला सोडून आले असं मला वाटत होतं, ते माझ्या दारात गाडीतून उतरलं होतं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझा हात खारा आहे, पूर्वीही असं झालंय. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काम तुझा चांगला आहे, त्याबद्दल मी बोलतच नाय. पण हात असा असल तर मी काय करू? पुढच्या श्रावणापर्यंत थांबते. जमलं तर चाळीसच्या चाळीस तुझ्याकडे. नाय जमलं तर ही सहा पण कोल्हापूरला."

त्या गेल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. खरं सांगते, रडू आलं. पण रडता रडताच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सनमायकावर काम करताना माझा हात शंभर ठिकाणी टेकतो, आणि त्यातलं मला काहीच दिसत नाही. माझ्या हातून खार कधी सुटतो, कुठल्या बोटाने, कुठल्या वेळी, हे मला माहीतच नव्हतं. माहीत असायला हवं होतं ते लोखंडच गपचूप टिपून घेत होतं आणि गिऱ्हाइकाच्या कपाटात जाऊन सांगत होतं. मग मी ठरवलं की ते माझ्यासमोरच सांगू दे. टेबलाचा वरचा भाग लोखंडाचाच करायचा, आणि तो उघडा ठेवायचा. रंग नाही, पत्रा नाही, रबराची चटई नाही. मी जिथे हात टेकेन तिथे त्याने गंजून दाखवायचं.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारलेला मला फोनवरून ऐकू आला. "समुद्रापासून दोन किलोमीटरवर उघडं लोखंड? अगो, बोटीवर आमची निम्मी जिंदगी गंज खरवडण्यात आणि रंग लावण्यात जाते. दोन हात प्रायमर, दोन हात रंग, की झालं!"

"तुमच्या बोटीला रंग लावतात तो गंज दिसू नये म्हणून," मी म्हटलं. "मला तो दिसायला हवाय."

"मग बस घासत," तो म्हणाला. बसले घासत, वर्षभर.

एमआयडीसीतल्या एका लोखंडवाल्याकडून बारा मिलीमीटर जाडीची प्लेट आणली, सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. वजन सव्वाशे किलोच्या वर. इतकी जाड कशाला, असं लोखंडवाल्यानेही विचारलं. पातळ पत्र्यावर हातोडी मारली की तो थरथरतो आणि मधोमध बसतो. मला पाती जुळवायला सपाट जागा हवी होती, ताटासारखी खोलगट नव्हे. टेम्पो रस्त्यापर्यंत आला. आमचं घर रस्त्याच्या खाली, चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून. टेम्पोतली चार माणसं आणि शेजारचे दोघे, दोरखंड लावून, "हळू, हळू" ओरडत प्लेट खाली घेऊन आले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी प्लेटीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर तू जेवण पण करणार काय?"

वेल्डर घरी आला तो आपलं सगळं ज्ञान घेऊनच. अँगलचा सांगाडा त्याने छान केला. पण प्लेट त्यावर ठेवल्यावर तो चारी बाजूंनी सलग वेल्ड मारायला निघाला. मी मशीनच बंद केलं. सलग वेल्ड मारली की लोखंड तापून आखडतं आणि प्लेट वाकते. मला खालून, एकमेकांच्या समोर, लहान लहान टाके हवे होते, आणि प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं. तो म्हणाला, "ताई, माझी वीस वर्षं गेली ह्याच्यात." मी म्हटलं, "माझी नाही गेली, म्हणून घाबरून करतेय. तुम्हीही घाबरून करा." त्याला राग आला, पण त्याने केलं. शेवटी मी स्टीलची लांब पट्टी प्लेटीवर आडवी-उभी ठेवून मागे बॅटरी धरली. पट्टीखालून उजेड कुठेही आला नाही. वेल्डरने स्वतः वाकून बघितलं, दोनदा बघितलं, आणि मग चहा मागितला.

नवीन प्लेटीवर काळसर-निळी खपली असते. कारखान्यात लोखंड तापवून लाटतात तेव्हाची. पुष्कळ लोक ती तशीच ठेवतात कारण ती थोडे दिवस गंज रोखते. मला ती नकोच होती. ग्राइंडरला घासायची चकती लावून मी चार दिवस प्लेट घासली. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक, एकाच दिशेने, लांबीला समांतर. पाठ भरून आली. मनगटं अशी दुखायची की भाकरी थापता येईना. सासूबाईंनी दोन दिवस भाकऱ्या थापल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत, ह्यातच त्यांचं मत मला कळलं. पाचव्या दिवशी प्लेट उघडी झाली, राखाडी, शांत. 

आणि मग मी तिच्यावर पहिल्यांदा हात ठेवला. मुद्दाम, पाचही बोटं पसरून, दाबून. संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळट हात उमटला होता, दुपारपर्यंत तो तपकिरी झाला. वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. शत्रू एकदाचा समोर आला होता.

त्या दिवसापासून मी प्लेटीचा एक कोपरा ह्याच कामासाठी राखून ठेवला. सकाळी उठल्या उठल्या एक ठसा. साबणाने हात धुऊन एक. पाखाडी चढून-उतरून घामेजल्यावर एक. लिंबं चिरल्यावर, मासे साफ केल्यावर, चिडल्यावर. हो, चिडल्यावरसुद्धा, आणि तो ठसा सगळ्यात गडद यायचा. खडूने शेजारी लिहून ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "पोलिसात पण येवढे ठसे घेत नायत." महिन्याभरात मला माझा हात पाठ झाला. साबणाने धुतलेला हात पहिली पंधरा मिनिटं चालतो. चहा प्यायल्यावर तळहाताला घाम येतो. अंगठा आणि पहिलं बोट सगळ्यात वाईट, करंगळी बिचारी निर्दोष.

हातमोजे घालून काम करता येत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. धार लावल्यावर पात्याच्या कडेला लोखंडाचा एक बारीक काट उरतो. तो डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतो. तो राहिला तर गर चिरतो. त्यामुळे बोट उघडंच लागतं. मार्ग सापडला तो लांज्याला. वहिनींच्या कारखान्यात एक मशीन जागेवर दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा तिथल्या बायका कामाला बसण्याआधी हाताला एरंडेल चोळताना पाहिल्या. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून त्या आधी एरंडेलाचा हात फिरवतात. आयुष्यभर मी ते बघत आले होते. त्यांचं एरंडेल बाहेरचं आत येऊ देत नाही, तर माझं आतलं बाहेर कशाला जाऊ देईल? घरी येऊन हात धुतले, एरंडेल चोळलं, कोरड्या फडक्याने टिपलं आणि कोपऱ्यात ठसा घेतला. दुसऱ्या दिवशी पुसट सावली. तीही फडक्याने निघाली.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं, तोवर दसरा आला. खंडेनवमीला मी संगमेश्वरला एका कारखान्यात अडकले होते. सासूबाईंना वाटलं, सुनेची हत्यारं पूजेशिवाय राहतील. त्यांनी प्लेट पाण्याने स्वच्छ पुसली. ओल्या हळद-कुंकवाने मधोमध मोठं स्वस्तिक काढलं. हत्यारं मांडून झेंडूची फुलं वाहिली, अक्षता टाकल्या, नारळ वाढवला आणि त्याचं पाणी चारी बाजूंना शिंपडलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. फुलांखाली, अक्षतांखाली, नारळाच्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाखाली प्लेट लाल झाली होती.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हातासाठीच केली गो पूजा. बरा होवा म्हणून." आणि आत निघून गेल्या. मी पडवीत उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली, इतकी की फडकं उचलायलाही जमेना. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता पुसायचं कसा ते सांग." मग आम्ही दोघींनी मिळून प्लेट घासली. मशिनचं तेल टाकून हिरव्या घासणीने, रेघांच्या दिशेने, गोल गोल नाही. दोन तासांत स्वस्तिकाची नुसती सावली उरली. ती मी पेपरने घालवू शकले असते, पण तशीच ठेवली. सासूबाई तेव्हापासून पडवीत आल्या की आधी पदराला हात कोरडे करतात.

बाकी राखणं म्हणजे रोजचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रोज संध्याकाळी ब्रशने लोखंडाचा कीस झाडायचा, डिझेलच्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, मग तेलाचा इतका पातळ हात की बोट फिरवलं तर ओलं लागू नये. तेल जास्त झालं तर त्यात कीस आणि धूळ चिकटते, आणि तीच पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात तेलाऐवजी मेण, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं, आठवड्यातून एकदा. चहाचा कप ठेवायचा नाही. वर्तमानपत्र पसरायचं नाही, कागद दमट होतो आणि अख्खी बातमी प्लेटीवर छापतो. एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी दुप्पट घासणं. मला ताप आला होता तेव्हाही मी शाल गुंडाळून दहा मिनिटं बाहेर बसून फडकं फिरवायचे. नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याने प्लेट बघितली, बोट फिरवलं, आत गेला आणि आईला म्हणाला, "आमच्या डेकला पाहिजे ही बाई."

आषाढ गेला. श्रावण लागला आणि वहिनींची गाडी रस्त्यावर थांबली. त्यांनी एक नवी पात्यांची जोडी आणली होती, कोरी, घडवून आणलेली.

"माझ्यासमोर बसव," त्या म्हणाल्या. "हातमोजे नकोत. मग ती इथंच ह्या टेबलावर उघडी ठेवायची, आठ दिवस. हात लावायचा नाय, पुसायचा नाय. आठव्या दिवशी मी येते."

बाहेर पाऊस कोसळत होता, पडवीत भिंतींना ओल आली होती. ह्याहून वाईट आठ दिवस निवडता आले नसते. मी हात धुतले, एरंडेल लावलं, टिपलं. दोन्ही पाती प्लेटीवर ठेवून दगडाने धार दिली, बोटाने काट चाचपून काढला, जोडी जुळवली. शेवटी मेणाच्या फडक्याने दोन्ही पाती पुसली. वहिनींनी वरचं पातं उचललं, उलटंसुलटं केलं, अंगठा त्याच्या अंगावर दाबून धरून धार उजेडाला बघितली, मान हलवली आणि परत ठेवलं. सासूबाईंनी तांदूळ धुवायची रोवळी आणून पात्यांवर पालथी घातली, म्हणजे हवा लागेल पण कुणी हात लावणार नाही.

ते आठ दिवस मी प्लेटीच्या उरलेल्या भागावर काम केलं आणि रोवळीकडे पाठ केली. मला जमेल असं वाटत होतं आणि जमणार नाही असंही. हा हात माझ्या मालकीचा आहे की मी त्याच्या, हे आठव्या दिवशी कळणार होतं.

आठव्या दिवशी वहिनींनीच रोवळी उचलली. खालचं पातं स्वच्छ. वरच्या पात्याच्या मधोमध तपकिरी ठसा, ठसठशीत, एका अंगठ्याचा.

"बघितलंस?" वहिनी म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "तू खूप केलंस गो. पण काय करणार?"

वर्ष गेलं, पाठ गेली, मनगटं गेली, आणि शेवटी हेच. मी पातं कडेने धरून उचललं आणि खिडकीशी नेलं. सवयीने. इतके ठसे बघितले होते की ठसा दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नव्हतं. आणि मग मी पुन्हा बघितलं.

लहानपणी आपण सगळेच बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजतो. रेषा एका बाजूला वाहत गेल्या तर शंख, गोल फिरल्या तर चक्र. चक्रं जास्त असलेली मुलं राजाच्या ऐटीत फिरायची. माझ्या दहाही बोटांना शंख. चक्र एकही नाही. पात्यावरच्या त्या अंगठ्यावर मात्र सुरेख, गोल, पूर्ण चक्र होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा अंगठा दाखवा."

त्यांनी न समजून हात पुढे केला. मी तो पात्याशेजारी धरला. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या. वहिनींनी एकदा पात्याकडे बघितलं, एकदा आपल्या अंगठ्याकडे, आणि पुन्हा पात्याकडे.

मला हसू यायला हवं होतं, पण मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता. वर्षभर मी शेकडो वेळा माझाच हात दाबून बघत होते. पण शेजारी दुसऱ्या कुणाचा एक हात ठेवून बघावा, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. एका माणसाने सांगितलं आणि मी ते जातीच्या दाखल्यासारखं जपून ठेवलं.

"म्हणजे ह्यो माझा," वहिनी शेवटी म्हणाल्या. मग खालचं पातं उजेडात तिरपं करून बघत राहिल्या. "आणि तुझा कुठाय?"

"मी पुसला, वहिनी," मी म्हटलं. "माझा पडतो, हे मला माहीत असतं."

बाहेर पावसाची सर आली आणि गेली. वहिनींनी दोन्ही पाती रुमालात घ्यायला हात पुढे केला, तो मध्येच थांबवला, आणि तळवा वर करून माझ्यासमोर धरला.

"उद्या गाडी पाठवते, चाळीस मशिनांची पाती घेऊन," त्या म्हणाल्या. "आता मला ते फडकं दे."